दम नेमका कुठे गेला? पन्हाळ्याच्या चढावर अडलेल्या जीप ट्रकचं प्रकरण

मार्चमधली दुपार होती. ट्रॅक्टरच्या टोचनावर एक विलीज जीप ट्रक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजपुढे येऊन थांबला. १९५८चं मॉडेल, पेट्रोल, फोर व्हील. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्या घराची ही गाडी. एके काळी याच ट्रकमधून त्यांचा गूळ शाहू मार्केट यार्डात यायचा. ट्रॅक्टरवरून आबा उतरले, पंचाहत्तरीच्या पुढचे. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, ह्येच्यात आता दमच राहिला न्हाई. वाघबीळ सोडून चढाला लागलो की उकळतंय."

मागून त्यांचा नातू आला. शिरोलीच्या एका फौंड्रीत नोकरीला आहे. तो म्हणाला, "आबा, मी दिवाळीपासून सांगतोय, जुनं इंजिन काढून डिझेल टाकूया."

माझ्याकडे अशा तक्रारी नेहमी येतात, पण हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतोय. चाकं, टायर आणि इंजिन या तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या आहेत असं समजून कामाला हात घातला की काय होतं, ते मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या गाडीत दिसलेलं नाही. शिवाय सुरुवातीला मी स्वतःही चुकलो, तेही सांगायला हवं.

आधी गाडीविषयी. विलीजने हा ट्रक १९४७ ते १९६५ या काळात बनवला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११८ इंच, तीन गिअरचा बॉक्स आणि खाली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी, हाय-लो करणारी ट्रान्सफर केस. या गाडीत हरिकेन इंजिन आहे : चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, ७२ अश्वशक्ती. या इंजिनाची घडण वेगळी आहे. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. पिस्टनचा स्ट्रोक लांब, जवळजवळ १११ मिलिमीटर, त्यामुळे ओढायची खरी ताकद २००० आरपीएमच्या आसपासच मिळते. हे इंजिन पळण्यासाठी नाही, ओढण्यासाठी बनवलेलं आहे, आणि गुळाच्या गाडीला तेच हवं.

गेल्या दिवाळीत नातवाने बोनसचे पैसे घालून आबांना नवी चाकं आणली. पंधरा इंची, दहा इंच रुंद अलॉय आणि त्यावर तेहतीस इंच उंचीचे, साडेबारा इंच रुंदीचे टायर. गाडी दिसायला भरदार झाली, गावात लोक थांबून बघायचे. पोराने आजोबांवरच्या मायेने केलेलं काम होतं ते, आणि मी त्याला त्याबद्दल एका शब्दाने बोललो नाही. पण तक्रारी त्यानंतर वाढल्या. स्टिअरिंग जड झालं, खड्ड्यात चाक गेलं की हातातून हिसका बसायचा, ब्रेक उशिरा लागायचा आणि चढावर पाणी उकळायचं. दोन गॅरेज फिरून झाली होती. एकाने टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा, आवाज "बंद करून" दिला, दुसऱ्याने बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे, करायला सांगितलं.

मीही पहिले दोन दिवस कार्ब्युरेटरवर घालवले. जेट साफ केले, फ्लोटची पातळी लावली, डायफ्रॅम बदलला. डायफ्रॅम खरोखरच कडक झालेला होता, त्यामुळे रोग सापडला असं मला वाटलं. कसबा बावड्यापर्यंत फेरी मारली, गाडी जरा सुधारल्यासारखी वाटली आणि परत येताना पुन्हा तशीच. मोजमाप न करता अंदाजाने हात घातला, ही माझी चूक. तिसऱ्या दिवशी सगळं बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून मोजायला बसलो.

मोजल्यावर काय दिसलं

चारही प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. या इंजिनाला साधारण १२० ते १३० पीएसआय यायला हवं. पहिला सिलिंडर ११८, दुसरा ११५, तिसरा ७२, चौथा ११४. बोअरिंग सांगणाऱ्या मिस्त्रीने हे केलं असतं तर त्यालाही दिसलं असतं. मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मारून बघितलं : ७५. रिंगा किंवा बोअर गेलेला असता तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच वर चढला असता. तो जागचा हलला नाही, म्हणजे गळती खाली पिस्टनपाशी नव्हती, व्हॉल्व्हपाशी होती. व्हॅक्यूम गेज लावलं तेव्हा सुई ठरावीक ताल धरून झटका देत होती. एकच सिलिंडर दर फेरीला दगा देतो तेव्हा सुई अशी उडते. (आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेअठराशे फुटांवर आहे, त्यामुळे इथे चांगल्या इंजिनाचं व्हॅक्यूमही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोनेक इंच कमी दिसतं. नव्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर चांगलं इंजिनही वाईट वाटतं.)

टायमिंग लाइट लावला. ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या पाच अंश आधी पडायला हवी, ती दोन अंश नंतर पडत होती. डेल्कोतल्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) पॉइंटचा घासणारा तुकडा झिजून गॅप मिटत आला होता. गॅप मिटला की ठिणगी उशिरा पडते, जळणं लांबतं आणि ती सगळी उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने ब्लॉकमधून पाण्यात उतरते. चढावर उकळण्याचं एक कारण हातात आलं.

मग चाकं. जुन्या चाकांचा जोड नातवाने गुऱ्हाळाच्या माडीवर जपून ठेवला होता, तो मागवला. शेजारच्या दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवले. जुनी लोखंडी रिम, ७.००-१६चा टायर आणि ट्यूब मिळून २९ किलो. नवं अलॉय टायरसकट ४० किलो. एका चाकामागे अकरा किलो जादा, आणि तेही कडेला, जिथे फिरवायला सर्वांत जास्त जोर लागतो.

नंतर गॅरेजपुढच्या रस्त्यावर खडूने रेघ मारली, टायरवरही रेघ मारली आणि गाडी ढकलत चाकाचे तीन पूर्ण फेरे करून टेपने अंतर मोजलं. नव्या टायरने तीन फेऱ्यांत ७ मीटर ६५ सेंटिमीटर अंतर कापलं. जुना टायर चढवून तेच केलं, तर ७ मीटर ८. नातू टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा बसला होता. त्यानेच मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाला, "आठ टक्के."

त्या आठ टक्क्यांचा अर्थ त्याला मी असा सांगितला. या ट्रकच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचा, रेशो ५.३८ आहे. टायर आठ टक्क्यांनी मोठा झाला म्हणजे कुणीतरी गुपचूप रेशो बदलून ४.९८ केल्यासारखंच. जुन्या टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला इंजिन साधारण १५०० आरपीएमवर चालायचं, नव्यावर ते १४००वर येतं. पाच गिअरच्या गाडीत हे चालून जातं. इथे गिअर तीनच. दुसऱ्याचा रेशो १.५५, तिसऱ्याचा १, मधे मोठी पोकळी. वाघबिळाच्या पुढचा चढ नेमका त्या पोकळीत सापडतो : तिसऱ्यात इंजिन दबतं, दुसऱ्यात टाकलं तर रेस वाढवून रडतं. पूर्वी आबा जिथे तिसऱ्यावर जेमतेम निभावून न्यायचे, तिथे आता गाडी दम टाकत होती. त्यात एक सिलिंडर अर्धा मेलेला आणि टायमिंग मागे. एकट्या टायरने गाडी अडली नसती, एकट्या व्हॉल्व्हनेही कदाचित नसती. दोन्ही एकदम आलं आणि दोष सगळा इंजिनाच्या वयावर गेला.

ब्रेकचंही तेच. ड्रम तोच, पायाचा जोर तोच, पण चाकाचा व्यास वाढला की जमिनीवर मिळणारी रोखायची ताकद त्याच प्रमाणात घटते. शिवाय चाक बाहेर सरकल्यामुळे पुढच्या बेअरिंगवरचा भार बाहेरच्या बाजूला गेला होता आणि किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, रेषेपासून टायरचा मध्य लांब पडला होता. खड्ड्यात हाताला बसणारा हिसका त्यातूनच येत होता.

डिझेलचा प्रश्न

आबांनी विचारलं, "मग डिझेल टाकायचं का न्हाई?" मी नको म्हणालो, आणि कारणं दोन सांगितली. एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर नूतनीकरणाला एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूर आरटीओच्या, दारात गाडी उभी करायची सोय राहत नाही, आणि अपघात झालाच तर विम्याचं काय, हा प्रश्न उरतोच. नातवाने व्हिंटेज नोंदणीबद्दल विचारलं. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही आणि ती गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. आबांना गाडी मांडवात उभी करायची नाही, गूळ आणायचा आहे. म्हणून जुन्याच नोंदणीवर, जुन्याच इंजिनासह.

दुसरं कारण माझं स्वतःचं. ज्या इंजिनाचे तीन सिलिंडर ११५च्या आसपास दाब धरतात, ते इंजिन काढून टाकायचं नसतं.

काम कुठल्या क्रमाने केलं

पहिल्यांदा ब्रेक. मूळ मास्टर सिलिंडर एकाच खोलीचा. एका चाकापाशी नळी फुटली की चारही ब्रेक जातात. पन्हाळ्याच्या उतारावर तशी वेळ कुणावर येऊ नये. दोन खोल्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढची आणि मागची लाइन वेगळी केली, नळ्या सगळ्या नव्या. अकरा इंची ड्रम लेथवर हलकेच साफ केले आणि लायनर नवे मारले. जुन्या गाडीत वरवर न दिसणारा बदल करायचा असेल तर मी सगळ्यांत आधी हाच करतो.

चाकं काढताना डाव्या बाजूला एक स्टड (चाक धरून ठेवणारा बोल्ट) तुटलेला आणि दोन पिळवटलेले सापडले. कारण कळायला वेळ लागला नाही. विलीजच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. नट सोडवायला पाना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवावा लागतो. नटावर बारीक 'एल' कोरलेला असतो, पण गंज आणि ग्रीसखाली तो दिसत नाही. चाकं बदलणाऱ्याने पान्याला पाइप लावून उलटा जोर दिला असणार. डाव्या बाजूचे सगळे स्टड नवे केले, आटे मूळचेच उलटे ठेवले आणि ड्रमवर पांढऱ्या रंगाने बाण काढला, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल.

जुन्या पाच रिम नातवाने फौंड्रीतून डाय पेनिट्रंट आणून स्वतः तपासल्या. लाल द्रव लावला, पुसला, पांढरी फवारणी केली आणि दोन रिमवर स्टडच्या भोकापासून निघालेली केसाएवढी लाल रेघ उमटली. पोरगा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता. त्या रिमवर त्याचे आबा गेली कित्येक वर्षं गुळाचे रवे (ढेपा) लादून घाट उतरले होते. त्या दोन्ही रिम मी गॅसने कापून भंगारात टाकल्या, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. जुन्या जीपला लागणारा पाच स्टडचा, साडेपाच इंची पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) आजही सहज मिळतो. जिप्सीलाही तोच आहे. पण सोळा इंची आणि ७.००च्या टायरला पुरेशी रुंद रिम शोधायला चार दिवस गेले. शेवटी चांगल्या दोन मिळाल्या, त्याही डाय लावून तपासूनच घेतल्या.

टायर पाचही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे ७.००-१६ घेतले, हलक्या ट्रकचे. इथे काटकसर करायची नाही. या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शिअल, म्हणजे त्यांना कमी-जास्त वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी, नाही. फोर व्हील टाकल्यावर पुढचे टायर आणि मागचे टायर यांच्या घेरात फरक असेल तर तो फरक गिअर आणि शाफ्ट पिळूनच भरून निघतो. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायचं नाही, हेही आबांना पुन्हा एकदा सांगितलं. त्यांना माहीत होतं, नातवाला नव्हतं.

मग इंजिन. हेड उतरवताना या इंजिनात एक जागा अशी आहे जिथे अनोळखी माणूस फसतो. हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवेच्या वाटेत आत लपलेला आहे. बाहेरून सगळे बोल्ट निघालेले दिसतात, हेड हलत नाही, मग माणूस पहार घालतो आणि हेड तडकतं. आमच्याकडच्या दोन्ही पोरांना मी कार्ब्युरेटर काढून, बॅटरीने आत उजेड पाडून तो बोल्ट दाखवला.

हेड निघालं आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह समोर आला. त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून खोबणी पडली होती, कड राखाडी आणि भुसभुशीत. त्याखालची सीट ब्लॉकमध्ये खोल बसली होती. याची गोष्ट जुनी आहे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधी पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरून तिची झीज रोखायचं. ते गेल्यावर जड कामाच्या इंजिनात सीट हळूहळू खचत जाते. या इंजिनात व्हॉल्व्ह खालच्या अंगाला असल्यामुळे सीट खचली की व्हॉल्व्हही खाली उतरतो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो. त्यात आधीच्या मिस्त्रीने टॅपेटचा आवाज बंद करायला गॅप आणखी आवळला. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटेना, ज्वाळा त्या फटीतून वाहत राहिली आणि कड जळली. टॅपेटची बारीक टिकटिक हा दोष नसतो. जुनं इंजिन अगदी गप्प झालं तर मला जास्त काळजी वाटते.

जुनी सीट काढून सीएनजी गाड्यांना लागणारी कडक मिश्रधातूची सीट आणली, टर्नरकडून मापात उतरवली, ड्राय आइसमध्ये गार केली आणि ब्लॉकमध्ये ठोकली. चारही एक्झॉस्ट सीटचं असंच केलं. गाइड नवे, व्हॉल्व्ह नवे, पेस्ट लावून हाताने घासून बसवले. टॅपेट थंड इंजिनावर : आत घेणारे १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), बाहेर टाकणारे १६ थाऊ. बोअरला हात लावला नाही. डेल्कोचं कवच तेच ठेवून आत पॉइंटच्या जागी चुंबकी सेन्सर बसवला. आता घासून गॅप मिटण्याचा प्रश्नच उरला नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला बदल दिसतही नाही. रेडिएटरच्या तळाशी साठलेला क्षार आणि गंज काढून नवी कोअर घातली.

पेट्रोलचाही विचार करावा लागला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ज्या उसाच्या रसाचा आबा गूळ करतात, त्याच उसाचं इथेनॉल त्यांच्या टाकीत येतं, आणि १९५८च्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा डायफ्रॅम, नळ्या, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घातलं. इथेनॉलने टाकीतला जुना गंजही सुटतो, म्हणून टाकी धुऊन काढली आणि वाटेत फिल्टर लावला. अशा पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणजे मूळ जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. मेन जेट एका मापाने मोठा केला आणि प्लगचा रंग बघून ठरवला : पांढरा होता, तो फिकट तपकिरी आला.

चढावर

एप्रिलमधला रविवार, कडक ऊन. आबांनी मुद्दाम गुळाचे वीस रवे लादायला लावले, एकेक तीस किलोचा. मी म्हणालो वाळूची पोती टाकू. ते म्हणाले, "गाडीला वळख पटाया पायजे." शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ. आबा स्वतः चालवत होते, मी शेजारी आणि नातू मागे रव्यांवर. चढाला लागल्यावर त्यांनी तिसरा टाकून ठेवला आणि पूर्वी जिथे बदलायचे त्याच वळणावर दुसरा घेतला. तापमान ८८ अंशांच्या वर गेलं नाही. तीन दरवाजापर्यंत कुठेही थांबावं लागलं नाही. उतरताना ब्रेक एकदाही पंप करावा लागला नाही.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा गेज लावलं : १२१, ११९, १२०, ११८. सरासरी लिटरला साडेपाचवरून सव्वासातवर आली. मात्र मोठ्या टायरवर मीटर आठ टक्के कमी मोजत होतं, त्यामुळे आधीचा खरा आकडा सहाच्या जवळ होता. फायदा सव्वा किलोमीटरचा धरावा, पावणेदोनचा नाही. इंजिनाच्या कामाचा खर्च नातवाने अलॉय आणि टायरवर घातलेल्या पैशांच्या निम्म्याहूनही कमी झाला. तेहतीस इंची चाकं त्याने विकली आणि त्यातून ब्रेकचं बिल भागवलं. मी मागितलं नव्हतं.

एक काम बाकी आहे. स्टिअरिंग बॉक्समधली लिव्हरची पिन झिजली आहे, स्टिअरिंगचं चाक मध्यावर असताना दोन बोटं मोकळं फिरतं. तयार पिन मिळालेली नाही. नातवाने फौंड्रीतल्या ओळखीने ईएन-२४ या मजबूत पोलादाचा गज मिळवला आहे. टर्नरला माप दिलंय, ग्राइंडिंग झाल्यावर पिन कडक करून आणायची आहे. तोपर्यंत ताशी पन्नासच्या वर न्यायची नाही, असं आबांना सांगून ठेवलंय. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "मिस्त्री, पिन झाली का?"